जंताचं औषध कुठल्या रूपात द्यायचं तेही छापा की

मा. संपादक,
जनावरांच्या जंतनाशकांवरचा तुमचा लेख वाचला, बरा आहे पण नुसती औषधांची नावं दिलीत, खरी गोम तर ते औषध कुठल्या रूपात पोटात जातं त्यात आहे. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, लिक्विडमध्ये त्यांचे बारीक कण नुसते तरंगत असतात, कण जितके बारीक तितकं औषध रक्तात जास्त उतरतं, आणि बाटली न हलवता पाजली की पहिल्या जनावराला वरचं पातळ पाणी, शेवटच्याला तळाचा गाळ. (हलवायला असा कितीसा वेळ लागतो!) लेव्हामिसोलचं उलट, पटकन विरघळतं, रक्तात लवकर चढतं नि लवकर उतरतंही. आयव्हरमेक्टिन इंजेक्शननं बरंच रक्तात जातं, पाठीवर ओतायचं असलं तर कातडीतून त्याहून कमी, त्यात गुरं स्वतःला आणि एकमेकांना चाटतात मग कुणाला किती मिळालं कोण सांगणार. इंजेक्शनचंच औषध पाठीवर ओतणारे महाभाग तर वेगळेच. डोस अर्धवट गेला की तगलेले जंतच वाढतात, नंतर ते त्या औषधाला जुमानत नाहीत. पुढच्या वेळी यावर व्हेटरनरी डॉक्टरकडून सविस्तर लिहून घ्या.
- एक वाचक