कार्टूनमधली नाती डबिंगमध्ये बदलू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

मुलांच्या कार्टूनमध्ये समलिंगी जोडपे आले की ‘एवढ्या लहान वयात हे कशाला?’ असे पालक विचारतात. काळजी खरी आहे, पण आधी ते पात्र पडद्यावर काय करते ते पाहावे. ‘आर्थर’ या मालिकेत मे २०१९ मध्ये रॅटबर्न गुरुजींचे पॅट्रिकशी लग्न झाले. वर्गातल्या मुलांची तक्रार एकच, शिक्षकांनी नाचू नये! तरीही अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या सार्वजनिक वाहिनीने तो भाग दाखवला नाही.

‘डोरेमॉन’मधल्या नोबिताचे शिझुकाशी लग्न होणार हे आपल्या मुलांना पाठ आहे आणि त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता टाकणाऱ्या सोलापूरच्या पोरालाही लग्न कळते ते सोहळ्यातून. शरीरसंबंध त्याच्या मनातही नसतो.

खरे नुकसान डबिंगमध्ये होते. ‘सेलर मून’ या जपानी मालिकेच्या जुन्या इंग्रजी आवृत्तीत हारुका आणि मिचिरू या प्रेयसींना कझिन करून टाकले. संवाद बदलले, चित्रे तीच राहिली. त्यामुळे बहिणीच एकमेकींवर भाळल्यासारख्या दिसू लागल्या. लपवायला गेले आणि भलतेच उभे राहिले. ओठांच्या हालचालीत बसणारा दुसरा शब्द सापडतो, नजर मात्र पुसता येत नाही. शिवाय एका भागात ‘बहीण’ म्हटले की पुढचा प्रत्येक संवाद त्या खोट्याभोवती वाकवावा लागतो. म्हणून लेखकाने आधी सगळे भाग पाहून नात्यांचा तक्ता करावा, मगच पहिला संवाद लिहावा.

आवाजाचेही तसेच. बायकी हेल, लाडिक ओढलेले शब्द आणि मागे खसखस पिकल्याचा आवाज, एवढ्यावर पात्र उभे केले की दुसऱ्या दिवशी तीच नक्कल मधल्या सुट्टीत एखाद्या हळव्या मुलाच्या वाट्याला येते. कलाकाराला पात्राचे वय, काम आणि स्वभाव सांगावा; ‘तसला’ आवाज मागू नये.

नवी मालिका लिहिणाऱ्यांनी अकरा मिनिटांचा उपदेशाचा भाग करून ते जोडपे पुन्हा गायब करू नये. डबा भरताना, पालकसभेला, पतंग उडवताना ते अधूनमधून दिसू द्यावे.

वयाची सोय आहेच. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे वर्ग केले असून १३+ पासून पुढे पालकांसाठी लॉक बंधनकारक आहे. मात्र मोजमाप एकच हवे. मुलगा-मुलगी हात धरतात ते दृश्य ‘यू’मध्ये बसत असेल, तर दोन मुलींचेही त्याच वर्गात बसले पाहिजे.

मुलाने विचारलेच, तर पाच-सहा वर्षांच्या वयाला ‘त्यांचे एकमेकांवर प्रेम आहे, ते एका घरात राहतात’ एवढे उत्तर पुरते. पुढचे त्याने विचारल्यावर सांगावे.

मुलांच्या मालिकांचे मराठी संवाद लिहिणारे काही जण,
सोलापूर