अगस्त्य तारा दिसला रे

प्रिय निल्या,

व्हॉट्सॲपवरच टाकणार होतो पण तिथं दोन ओळींच्या पुढं माझं काही जात नाही, म्हणून निवांत बसून पत्रच लिहितोय. गेल्या शनिवारी मामाकडे गेलो होतो, जुन्नरच्या पुढं नाणेघाटाच्या रस्त्याला. अमावास्येचा दुसरा दिवस, डिसेंबरचं कोरडं आभाळ, आणि सोबत आपली १० बाय ५० ची दुर्बीण, तीच, आपण अर्धे अर्धे पैसे काढून घेतलेली.

मला खळ्यात घोंगडी टाकून झोपायचं होतं पण मामा काही ऐकेना, बिबट्याचं भय आता खरंच फार वाढलंय तिकडं, अंधार पडला की माणसं पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत. मग पिठलं-भाकरी खाऊन गच्चीवर गेलो. मोबाईल खालीच ठेवला, वीसेक मिनिटं डोळे सरावू दिले, आणि मग जे काही दिसायला लागलं ना... आळेफाट्याच्या बाजूला तेवढा नारिंगी उजेड होता, बाकी सगळं काळंभोर. देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसली, शर्मिष्ठेच्या ताऱ्यांजवळ, बोटानं पुसल्यासारखा डाग. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड, तेव्हा आपल्यासारखी माणसंच नव्हती पृथ्वीवर. गुरू वर आला तो पुनर्वसू नक्षत्रात, दुर्बिणीतून त्याचे चंद्रही दिसले, तीन नक्की, चौथ्याबद्दल मी आणि मामेभाऊ भांडत बसलो.

कृत्तिकांच्या तारकापुंजाकडे मात्र मी फार वेळ बघत राहिलो. साधारण ४४० प्रकाशवर्षं, म्हणजे तिथला उजेड इथं यायलाच ४४० वर्षं. दिवसा येताना शिवनेरी बघून आलो होतो, आणि एकदम डोक्यात आलं की महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे हा उजेड त्याच्याही आधी तिथून निघालाय आणि आत्ता कुठं माझ्या डोळ्यात शिरतोय. तुला फोन करावासा वाटला त्या क्षणी, पण मोबाईल खाली होता.

आता मामाचं ऐक. या आठवड्यात त्यांच्याकडं थ्री फेज लाईट रात्रीची, कांद्याला पाणी द्यायचं होतं, म्हणून ते बॅटरी घेऊन जात-येत होते. मधेच गच्चीवर येऊन म्हणाले, "तिकांडं डोक्यावर आलं की वाफा बदलायचा." मृगाच्या पोटातले ते तीन तारे रे, व्याधाचा बाण. मी विचारलं रोज त्याच वेळी येतं का डोक्यावर, तर म्हणाले छे, आत्ता बाराला येतं, पुढच्या महिन्यात दहालाच येईल. निल्या, तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, महिन्याचे दोन तास, हे आपण पुस्तकातून पाठ केलं आणि हा माणूस ते कांद्याच्या वाफ्यावर उभा राहून नुसतं बघून शिकलाय. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

आणि आता मुख्य गोष्ट. आठवतं, हॉस्टेलच्या टाकीवर चढून आपण अगस्त्य शोधायचो आणि दक्षिणेला ती बिल्डिंग आडवी यायची? चार वर्षं शोधला आपण. परवा दहाच्या सुमाराला डोंगराच्या कडेवर एक तारा लुकलुकायला लागला, आधी मला कुठल्या तरी वाडीवरचा दिवाच वाटला, पण तो हळूहळू वर सरकला. अगस्त्य! व्याधाच्या खालोखाल आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. एकच्या सुमाराला तो बरोब्बर दक्षिणेला आला तेव्हा मी हात लांब करून मूठ धरून मोजलं, एक मूठ म्हणजे दहा अंश, तर जेमतेम दोन मुठी. मग मागं वळून ध्रुव मोजला, तोही दोन मुठीच! आपल्या १९ अक्षांशावर ध्रुव १९ अंशांवर असणार हे माहीत होतं, पण अगस्त्यही समोरून जवळपास तेवढाच वर येतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोघांच्या मधे मी उभा, थंडीनं दात वाजतायत, आणि गच्चीवर बोलायला कोणी नाही, मामेभाऊ केव्हाच घोरायला लागलेला.

तुझ्या म्युनिकमधून ध्रुव केवढा वर दिसत असेल, ४८ अंश. पण अगस्त्य तिथं क्षितिजाच्या वर येतच नाही, ३७ अंशांच्या उत्तरेला तो दिसत नाही कुणालाच. तू कितीही अंधारात जा, आल्प्सवर चढ, नाही दिसणार.

तेव्हा यंदा जुलैत येऊ नकोस, जुलैत इथं ढगच असतात. जानेवारी-फेब्रुवारीत अमावास्या बघून रजा टाक, जानेवारीत तर अगस्त्य अकराच्या आसपासच बरोब्बर दक्षिणेला येतो, जागायलाही नको फार. मामीला सांगून ठेवलंय, घोंगडी दोन काढून ठेवणार आहे. दुर्बीण माझ्याकडेच आहे, तुझ्या बाजूचं झाकण हरवलंय तेवढं.

तारीख कळव.

तुझा,
बाळ्या