ऑर्फन ड्रायव्हर हाती घेणाऱ्या अक्कांना

अक्का, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये (धातूचे भाग तापवून कडक करतो तिथं) भट्ट्यांचं तापमान आज बरोबर नोंदलं जातंय, ते तुमच्यामुळं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. भट्ट्यांतल्या थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या, तारा कॉम्प्युटरमधल्या एका जुन्या पीसीआय कार्डात येतात आणि त्यावरून तापमानाचा चार्ट निघतो. पार्टीला मालासोबत तो चार्ट द्यावाच लागतो. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, कार्ड मात्र ठणठणीत आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, होता म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं.

मग सिस्टीम अपडेट झाली आणि आकडे एक घर सरकले. हार्डनिंगच्या भट्टीचे 850 अंश टेम्परिंगच्या रकान्यात दिसायला लागले, जिथं 200 च्या आसपास असायला हवेत. तेही दर वेळी नाही, अधूनमधून. ज्यांच्याकडून कॉम्प्युटर घेतो त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: कार्ड भंगारात घाला, नवीन सिस्टीम घ्या.

ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. तुम्ही पहिल्यांदा काय केलंत, तर लिनक्सची मेंटेनर्स नावाची फाईल उघडलीत. कुठला ड्रायव्हर कोण सांभाळतं ते त्यात लिहिलेलं असतं. आमच्या ड्रायव्हरपुढं होतं ऑर्फन, अनाथ. म्हणजे विचारायला कुणीच नाही.

त्यानंतरची शोधाशोध मी कधी विसरणार नाही. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या दोन आवृत्त्यांमध्ये हजारो बदल असतात. तुम्ही बरोबर मधला बदल धरून कर्नल बांधायचा, आम्ही तो इथं चालवायचा. आकडे सरकले तर दोष आधीच्या अर्ध्यात, नाही सरकले तर नंतरच्या अर्ध्यात. दहा हजार बदल असले तरी अशा चौदा फेऱ्यांत नेमका एक हाती लागतो. तुम्ही जांबोटीकडं, पावसात लाईट गेली की काम बंद. कार्ड इथं आमच्याकडं. आमचा ऑपरेटर बैलहोंगलचा, त्याच्याशी तुम्ही तासतासभर कन्नडमध्ये बोलत होता. त्याला नुसतं "हे बटण दाब" नाही सांगितलंत, आपण काय शोधतोय ते समजावून सांगितलंत. आता तो स्वतः कर्नल बदलून तपासतो.

सापडलं ते एवढंच: कुणीतरी ड्रायव्हरच्या कोडची साफसफाई करताना एक ओळ काढली होती. त्या ओळीत कार्डाचं एक रजिस्टर, म्हणजे आतली छोटी नोंदीची जागा, वाचलं जायचं आणि वाचलेली किंमत पुढं कुठंच वापरली जायची नाही. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर तक्रार करतो, वाचणाऱ्यालाही ती ओळ फालतू वाटते. पण ते रजिस्टर वाचलं की कार्डातली खूण पुसली जाते. ती पुसली नाही तर मागचं एक रीडिंग आतच राहतं आणि पुढचे सगळे एक घर सरकतात. कागदावर हे दिसणं शक्य नव्हतं. कार्ड हातात असणाऱ्यालाच कळणार.

लिनक्सच्या आतल्या जोडण्या सतत बदलतात, आणि जो बदलेल त्यानंच त्या वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा तिथला रिवाज आहे. मला तो योग्यच वाटतो, त्याच्यामुळंच जुनी कार्डं नव्या कर्नलवर चालतात. पण एका वेळी शेकडो फायलींवरून हात फिरतो आणि तपासायला हार्डवेअर कुणाकडंच नसतं. फ्लॉपीच्या ड्रायव्हरचंही तेच झालं होतं. सांभाळणाऱ्यांकडं चालू फ्लॉपी ड्राइव्हच उरला नाही, तेव्हा 2019 मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो ऑर्फन म्हणून नोंदवला. नंतर दुसऱ्या कुणी तो हाती घेतला म्हणून टिकला. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्क चालवणारे आयडीई ड्रायव्हर 2021 मध्ये 5.14 आवृत्तीत काढूनच टाकले.

तुम्ही ती ओळ परत घातलीत. वर चार ओळींची टीप लिहिलीत, ही का काढायची नाही म्हणून. ज्यानं ती काढली होती त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही, उलट त्यालाच पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, तपासायला पाठवलात. दुरुस्ती जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्येही जाईल अशी व्यवस्था केलीत. इथवर आलं की बहुतेक जण थांबतात.

तुम्ही थांबला नाहीत, आणि खरे आभार त्याचेच. मेंटेनर्स फाईलमध्ये ऑर्फन खोडून तिथं स्वतःचं नाव घातलंत. पगार नाही, कार्डसुद्धा तुमचं नाही. आता त्या फायलीला कुणीही हात लावला की आधी तुम्हाला कळतं, आणि नोकरी, घर सांभाळून तुम्ही ते वाचता. पॅचखाली तपासणारा म्हणून आमच्या ऑपरेटरचं नाव लावलंत, तेही त्याला विचारून. त्याचा प्रिंट काढून त्यानं कंट्रोल पॅनेलच्या दारावर चिकटवलाय.

तसलंच एक कार्ड मला जुन्या बाजारात मिळालंय. साफ करून, इथल्या मशीनवर चालवून बघितलंय. खानापूरला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय, ते तुमच्याकडंच ठेवा. आणि नवीन कर्नल आला की आम्हाला सांगत जा. सुट्टीच्या दिवशी भट्ट्या बंद असतात, तेव्हा मशीन तपासणीला मोकळं ठेवतो.

तुमचा,
उद्यमबागेतला हीट ट्रीटमेंटवाला