बिलात नवा थर्मोस्टॅट, गाडीत रिकामी जागा

दि. २२ जानेवारी २०२६
पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : आपल्या नाशिकच्या अधिकृत वर्कशॉपने न बसवलेल्या थर्मोस्टॅटचे पैसे घेतल्याबद्दल आणि चांगला हीटर कोअर विनाकारण बदलल्याबद्दल

महोदय,

माझी गाडी आपल्याच कंपनीची, २०१२ सालची, दहा टायरची. मालक मी आणि ड्रायव्हरही मीच. लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरायचा, दिल्लीला आझादपूर मंडईत खाली करायचा आणि येताना मिळेल ते भाडं घेऊन घरी यायचं, यावर माझं घर चालतं.

गेल्या मे महिन्यात भिवंडीहून माल भरून येताना कसारा घाटात गाडी तापली. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला तशी बाजूला घेतली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं हे अनुभवाने माहीत आहे, म्हणून पाऊण तास नुसता बसून राहिलो, मग पाणी टाकलं आणि हळूहळू इगतपुरी गाठली. दुसऱ्या दिवशी गाडी आपल्या वर्कशॉपला लावली. दोन दिवसांनी परत मिळाली. बिलात नवा थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल) आणि पॅकिंग २,१५० रुपये, रेडिएटर सफाई १,८०० रुपये. जुना थर्मोस्टॅट दाखवा म्हटलं, तर तो भंगारात गेला असं उत्तर मिळालं. मी विश्वास ठेवला. चूक झाली.

पावसाळा निघून गेला. घाटात काटा अजूनही चढायचा, पण लाल पट्टीच्या अलीकडे थांबायचा. मी दोनदा सांगितलं. "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच," असं सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणाले.

डिसेंबरात खरी गंमत सुरू झाली. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण ती मी स्वेटर-कानटोपीवर काढतो. ग्वाल्हेर सोडल्यावर जे धुकं लागतं, तिथे हीटर ही चैन राहत नाही. पहाटे तीन-चारला केबिनमध्ये दोन माणसांच्या श्वासाने काचेवर आतून वाफ धरते आणि ती उडवायला गरम वारा लागतो. माझा ब्लोअर फुल्ल सोडला तरी नुसता वारा यायचा, ऊब नाही. आग्र्यापर्यंत क्लीनर फडक्याने काच पुसतोय आणि मी त्याने पुसलेल्या वीतभर जागेतून पुढच्या ट्रेलरचे लाल दिवे शोधतोय, अशी ती रात्र गेली.

परत आल्यावर गाडी पुन्हा वर्कशॉपला नेली आणि दोन गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगितल्या. एक, चांदवडनंतर सपाट रस्ता लागला की काटा पार खाली जातो, घाटात मात्र वर चढतो. दुसरी, हीटरचे दोन्ही रबरी पाइप मी हात लावून पाहिले आहेत, दोन्ही सारखेच कोमट आहेत. आता हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. हीटरला स्वतःची आग नसते, इंजिनचंच गरम पाणी त्यातून फिरतं. कोअर, म्हणजे हे पाणी जिच्यातून फिरतं ती हीटरची जाळी, चोक झाला असता, तुंबला असता, तर येणारा पाइप चटका देणारा आणि जाणारा गार लागला असता. आत हवा अडकली असती तर डॅशबोर्डच्या मागे खळखळ ऐकू आली असती. दोन्ही पाइप कोमट म्हणजे पाणीच पुरेसं तापत नाही. तरीही कोणी बॉनेटखाली हात न घालता जॉब कार्डवर "हीटर कोअर चोक" लिहिलं गेलं. नवा कोअर ८,६०० रुपये, डॅशबोर्ड उघडायची मजुरी ४,२०० रुपये. गाडी तीन दिवस उभी. हीटर होता तसाच.

या वेळी मात्र काढलेला कोअर मी मागून घेतला. घरी नळाखाली धरला. एका तोंडातून पाणी सोडलं की दुसऱ्यातून तशीच धार पडते. माझ्या धाकट्या मुलालाही ते कळलं.

शेवटी आडगाव बाजूच्या एका साध्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी काटा आणि पाइपची गोष्ट ऐकली आणि दुसरं काहीही न उघडता थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट काढले. आत नवं पॅकिंग होतं, लाल सिलिकॉन होतं आणि थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती. फोटो सोबत जोडला आहे. मेपासून त्या ठिकाणी दुसऱ्या कोणाचा पाना लागलेला नाही.

उन्हाळ्यात "वॉल काढून टाक, गाडी थंड राहते" हा सल्ला प्रत्येक ढाब्यावर फुकट मिळतो. रस्त्याकडेच्या एखाद्या पोराने हे केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण आपलंच इंजिन कसं चालतं हे आपल्या माणसांना मी सांगायचं का? या इंजिनात थर्मोस्टॅटला दोन कामं असतात. इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद ठेवून पाणी बायपासने आतल्या आत फिरवायचं, आणि गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडताना खालच्या चकतीने बायपासचं तोंड बुजवायचं. थर्मोस्टॅटच नसला की दोन्ही वाटा कायम उघड्या. मग थंडीत सपाट रस्त्यावर पाणी सारखं रेडिएटरला जाऊन गार होतं आणि हीटर कोमट राहतो. घाटात जिथे जास्तीत जास्त पाणी रेडिएटरमधून जायला हवं, तिथे त्यातला काही भाग बायपासने तापलेलाच इंजिनात परत येतो. मेनंतरही घाटात चढणारा काटा आणि आग्र्याची काच, दोन्हींचं मूळ त्या एकाच रिकाम्या जागेत आहे. नेहमी गार चाललेलं इंजिन डिझेल जास्त पितं, तो हिशोब मी अजून केलेला नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी मिस्त्रींनी तो शेजारच्या चहाच्या टपरीवर तपासला. टपरीवाल्याने जुनं पातेलं दिलं, चहाचं द्यायला तो तयार नव्हता. दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर ८२ अंश कोरलेलं आहे. ऐंशी ओलांडेपर्यंत काही हललं नाही, मग चकती हळूच उचलली गेली. पाच मिनिटांचं काम. आपल्या वर्कशॉपमध्ये पातेलं नसेल तर मी पाठवतो.

रेडिएटर सफाईचंही सांगून टाकतो. मिस्त्रींनी इंटरकूलर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी, सोडवून पुढे घेतला, तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कांद्याच्या टरफलांचा गादीसारखा थर निघाला, वर धूळ बसून घट्ट झालेला. कांदा वाहणाऱ्या गाडीत हे होणारच. समोरून पाण्याचा फवारा मारला की जाळी चकचकीत दिसते आणि हा थर आणखी आत दाबला जातो. तो इंजिनच्या बाजूने हवा मारून काढावा लागतो. १,८०० रुपयांत नेमकी कशाची सफाई झाली, ते मला लेखी कळवावं. शिवाय रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं खास द्रावण, जवळजवळ नव्हतंच, साधं पाणी होतं. बोअरच्या जड पाण्याने आतून क्षार धरतात हे आपल्याच मॅन्युअलमध्ये छापलेलं असेल.

हे काम होऊन नऊ दिवस झाले. परवा बिजासन घाट भरल्या गाडीने चढलो, काटा मध्यावरून हलला नाही. हीटर इतका चालला की क्लीनरने खिडकी उघडली. मिस्त्रींनी सगळे मिळून २,९०० रुपये घेतले.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं. मी एसी मागत नाही. गाडीसोबत जे आलं होतं ते चालू राहावं, एवढीच अपेक्षा होती.

माझी मागणी अशी. दोन्ही बिलांतल्या वरील चार रकमा, एकूण १६,७५० रुपये, परत मिळाव्यात. न बसवलेला भाग बिलात कोणी आणि कसा लावला याचं लेखी उत्तर मिळावं. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग गाडीमालकाच्या हातात देण्याची सूचना नाशिकच्या वर्कशॉपला द्यावी.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ट्रक म्हणजे व्यापारी वापर, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही, असं कोणी आधीच सुचवून पाहिलं आहे. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी केलेला वापर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी धरत नाही, आणि माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर माझ्याशिवाय कोणी बसत नाही.

दोन्ही बिलं, जॉब कार्ड आणि मिस्त्रींची पावती यांच्या प्रती सोबत आहेत. जुना कोअर माझ्या घरी ओट्याखाली ठेवला आहे. आपला माणूस आला तर नळ सोडून दाखवीन.

आपला,
गाडीमालक व चालक