बॅटरी विकण्याआधी मीटर लावावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की मोटारीची बॅटरी खरोखरच लवकर दमते. परंतु गाडीने ‘सेल्फ’ घेतला नाही म्हणजे बॅटरीच गेली, असे तपासणीविना ठरवण्याची जी पद्धत आपल्या शहरातील काही गॅरेजांत रूढ झाली आहे, ती गिऱ्हाइकाच्या खिशाला आणि जिवालाही जड जाणारी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी लहान मोटार अकरा वर्षांची आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस ती सकाळी सुरू होईना, तेव्हा एका गॅरेजमध्ये मीटर न लावताच नवी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी बसवून देण्यात आली आणि मीही काही न विचारता पैसे दिले. त्यानंतर पाच आठवड्यांनी अक्कलकोटहून स्वामींचे दर्शन घेऊन परतताना, वळसंग ओलांडल्यावर, हेडलाइट पिवळे पडत गेले, हॉर्नचा आवाज बसला आणि कुंभारीच्या अलीकडे इंजिन बंद पडले. सोबत ऐंशी वर्षांची आई होती. मागून भरधाव येणाऱ्या ट्रकना आमची दिवे विझलेली गाडी दिसेल की नाही, या धास्तीत आम्ही रस्त्याच्या कडेला दीड तास काढला. दुसऱ्या दिवशी त्याच गॅरेजने, पुन्हा काहीही न उघडता, ‘आता अल्टरनेटर नवा टाका’ असे, म्हणजे चालत्या गाडीत वीज तयार करणारे यंत्रच बदला असे, सांगितले. अखेर एका ऑटो इलेक्ट्रिशियनने तो खोलून दाखवला. आतले कार्बन (फिरत्या भागाला टेकून त्याला वीज पोचवणारे ठोकळे) झिजून संपले होते, बाकी वाइंडिंग (तारांची गुंडाळी), डायोड, सगळे शाबूत होते. कार्बन आणि कुरकुरणारे एक बेअरिंग बदलून काम भागले, व त्याला नव्या अल्टरनेटरच्या किमतीचा लहानसा अंशच लागला.

जुने मिस्त्री ज्याला अजून ‘डायनामा’ म्हणतात, तो हा अल्टरनेटर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. कार्बनमधून त्याच्या फिरत्या भागाला थोडा प्रवाह मिळतो, त्यामुळे भोवतालच्या तारांत वीज तयार होते, डायोड तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात आणि रेग्युलेटर विजेचा दाब १४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. बॅटरीचे मुख्य काम सेल्फ फिरवण्याचे. इंजिन सुरू झाल्यावर गाडीचा सारा भार अल्टरनेटरने उचलायचा असतो. दोन हेडलाइटच सुमारे ९ अँपिअर खातात, त्यात ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, इंधनाचा पंप धरला तर एकटी बॅटरी रात्रीच्या प्रवासात तास-दोन तासांपलीकडे टिकत नाही. कार्बन झिजत आले की चार्जिंग कधी होते, कधी होत नाही, आणि नवी बॅटरी हा दोष काही आठवडे झाकून ठेवते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले.

हे ओळखायला साधा मल्टिमीटर आणि पाच मिनिटे पुरतात. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन सुरू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे, आणि हेडलाइट व ब्लोअर लावल्यावरही तो १३ च्या खाली येता कामा नये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलेला आहे व तो बॅटरी उकळवून मारील.

मीटरऐवजी इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून पाहण्याची जी रीत अजून चालते, तिला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. पूर्वीच्या डायनामोच्या गाड्यांत ती खपून जात असेल. आजच्या गाडीत तशी वायर काढताच व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड, रेग्युलेटर, प्रसंगी इंजिनाचा संगणकसुद्धा जळू शकतो. म्हणजे जो भाग तपासायचा, तोच तपासणीत मारायचा आणि त्याचे बिल पुन्हा मालकाच्या हाती द्यायचे!

वाहनमालकांनीही काही पथ्ये पाळावीत. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डावर बॅटरीचा लाल दिवा लागून इंजिन सुरू होताच विझतो की नाही, हे रोज पाहावे. चालत्या गाडीत तो लागला तर पहिल्यांदा बेल्ट पाहावा, कारण अनेक लहान गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही चालतो आणि तो तुटला तर इंजिन तापते. सर्व्हिसिंगच्या वेळी अल्टरनेटरवर दाबाच्या पाण्याचा फवारा मारू देऊ नये. वाइंडिंग जळले असेल किंवा स्लिप रिंग (कार्बन ज्यांवर घासतात त्या कड्या) खोल झिजल्या असतील, तर नवा अल्टरनेटर घेणेच शहाणपणाचे. मात्र तो तितक्याच अँपिअरचा, तशाच पुलीचा असावा, काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, आणि उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. पहिल्याच दिवशी तिचा सगळा बोजा नव्या अल्टरनेटरवर टाकू नये.

शहरातील गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, बॅटरी अथवा अल्टरनेटर बदलण्यापूर्वी बंद इंजिनाचा, चालू इंजिनाचा आणि दिवे लावल्यावरचा, असे तीन आकडे बिलावर लिहावेत व काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथाच आहे, तेव्हा बिल मागण्यात आपणही संकोच करू नये. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या वाटेवर आपल्या शहरातून रोज असंख्य कुटुंबे वयस्कर माणसांना घेऊन निघतात, आणि त्यांपैकी अनेकांचा परतीचा प्रवास रात्रीचाच असतो.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, जुळे सोलापूर