एका टाकीच्या पैशात अख्खी पॅसेंजर

पेंटरमामा,
स. न. वि. वि.

"लेकराचं खेळणं आहे का, मालक?" असं मी रंगवायला आणलेली छोटी आगगाडी बघून तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत आणि मी सरळ खोटं बोललो. हो म्हणालो. जिंतूर रोडच्या गॅरेजात, बुलेटच्या टाक्या वाळत टांगलेल्या, त्यांच्यामध्ये उभं राहून "नाही, माझंच आहे" म्हणायला सत्तेचाळिसाव्या वर्षी जीभ रेटेना. तुम्हाला ते दुसऱ्या दिवशीच कळलं असणार. लेकराच्या खेळण्यासाठी कोणी रंगाच्या छटेवरून तासभर वाद घालत नाही.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय मोडता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही.

गाडी जर्मन होती. एचओ स्केल, म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग. लाल चाकांचं काळं इंजिन आणि दोन हिरवे डबे. मला त्यातून बाबांची मीटरगेज पॅसेंजर हवी होती. ते गार्ड होते आणि त्यांचा जन्म परभणी, पूर्णा, नांदेड करण्यात गेला. आपल्या भागातले मीटरगेजचे रूळ उखडून ब्रॉडगेज आलं, तेव्हा मी शाळा-कॉलेजात होतो. गंमत बघा, या खेळण्याचा रूळ 16.5 मिलिमीटरचा. आपलं मीटरगेज या मापात साडेअकराच्या आसपास भरतं आणि ब्रॉडगेज एकोणीसच्या वर जातं. म्हणजे ही गाडी धड इकडची नाही, धड तिकडची नाही. मी म्हटलं, रूळ राहू दे, निदान रंग तरी आपला लागू दे.

तुमच्याआधी असाच एक वेगळा डबा मोठ्या शहरातल्या एका कारागिराकडे पाठवला होता. आठ महिन्यांनी परत आला तो रंगाचा इतका जाड थर घेऊन, की दाराच्या मुठीसुद्धा बुजल्या होत्या. तो अजून कपाटात आहे. बघवत नाही.

तुमच्याकडेही पहिल्याच दिवशी घोटाळा झाला, पण तो माझ्यामुळे. मी सरावाला मोडका वॅगन दिला, प्लास्टिक कसलं ते सांगितलं नाही आणि तुम्ही नेहमीचा एनसी थिनर वापरलात. दहा मिनिटांत वॅगनला म्हाताऱ्याच्या गालासारख्या सुरकुत्या पडल्या. तुम्ही हसलात, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग आणवलात आणि डबे भांड्याच्या साबणाने धुवून घेतलेत, कारण "बोटाचा तेलकटपणा राहिला की रंग पापुद्र्यासारखा सुटतो." मग एअरब्रशने इतके पातळ हात दिलेत की पहिल्या हातानंतर हिरवा रंग तसाच दिसत होता. मला धीर नव्हता. तुम्हाला होता.

रंगाचं सांगायचं तर, मी जुन्या फोटोंवरून गेरू रंग धरून बसलो होतो. तुम्ही फोटो बाजूला सारलात. "फोटो विटलाय. डबा गेरूचा नव्हता, जुन्या चिंचेचा होता. मी दारात लोंबकळून नांदेडला गेलोय." आणि वर दोन थेंब पांढरा टाकलात. लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो, हे मॉडेलवाले इंग्रजी पुस्तकांत वाचून शिकतात. तुम्ही ते उरुसातल्या पाळण्यांच्या पाट्या रंगवताना शिकलात. फ्लेक्स आल्यापासून त्या पाट्या गेल्या आणि तुमच्या हाती टाक्या उरल्या, हे मात्र तुम्ही अगदी सहज, जाता जाता सांगितलंत.

"पण खिडकीला गज कुठायत?" हा प्रश्न तुमचाच. जर्मन डब्यांना गज नसतात आणि आपला डबा गजांशिवाय म्हणजे दवाखाना. या मापात गज केसाहून थोडाच जाड हवा. तुम्ही पारदर्शक फिल्मवर सुईने आडव्या रेघा ओढल्यात, त्यांत काळा रंग चोळलात आणि कापडाने पुसून घेतलात. रेघेतला राहिला, वरचा गेला. खिडकीमागे ती पट्टी चिकटवली तेव्हा मला त्या गजांचा लोखंडी वास आला, खोटं नाही सांगत.

मग अक्षरं. खऱ्या डब्यावरचं दहा सेंटिमीटरचं अक्षर इथे जेमतेम एक मिलिमीटरचं होतं. बाजारातल्या छापील स्टिकरांत दक्षिण मध्य रेल्वेचं "द म" कुठून मिळणार? तुम्ही ब्रशचे केस ब्लेडने कमी केलेत, श्वास रोखलात आणि दोन्ही डब्यांवर पिवळ्याने "द म" लिहिलंत. परभणीची पिवळी पाटीसुद्धा हातानेच. मराठीत आणि हिंदीत नाव तेच, तरी दोनदा लिहिलंत, कारण स्टेशनावर तसंच असतं.

इंजिन मात्र रंगवल्यावर हलेना. मोटर जळाली असं समजून मी रात्रभर जागा. सकाळी कळलं की रुळातून वीज चाकांनी उचलायची असते आणि तुम्ही लाल चाकं मनापासून, रुळाला टेकणाऱ्या कडेसकट काळी केली होती. तेवढी कड कापसाने पुसली आणि गाडी निघाली.

पैसे विचारले तर "एका टाकीचे द्या" म्हणालात. ती टाकी कोणत्या गाडीची, ते अजून सांगितलं नाहीत.

बाबांनी गाडी पाहिली. चष्मा पुसला, गजांवरून नख फिरवलं, गाडी उलटी करून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, "एलव्हीची पाटी कुठाय? शेवटच्या डब्याला पाटी नसेल तर गाडी पूर्ण आली हे स्टेशन मास्तरने कशावरून समजायचं?"

तेव्हा मामा, एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, एक नखाएवढी पाटी राहिली आहे. गुरुवारी डबा घेऊन येतो. बाबाही येतो म्हणतायत, रंग ते स्वतः सांगणार आहेत.

आपला,
बुलेट नसलेला गिऱ्हाईक
परभणी