विंडोचा आकार ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेच्या कार्यालयात काही कामानिमित्त बराच वेळ बसलो होतो. तेथील ज्येष्ठ लिपिक बाईंनी नजर अधू झाल्यामुळे संगणकावरील अक्षरे मूळ आकाराच्या १२५ टक्के करून घेतली होती. मात्र त्यामुळे कर्जखात्याच्या फॉर्मचा खालचा भाग पडद्याबाहेर गेला होता आणि त्याबरोबर ‘जतन करा’ हे बटणही. विंडोची कड ओढावी तर ती ओढली जात नव्हती, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने आकार कायमचा बांधून टाकला होता. बाई दर नोंदीच्या शेवटी टॅबची कळ मोजून अकरा वेळा दाबत आणि न दिसणाऱ्या बटणावर एंटर करत. एखादा आकडा चुकला तर नोंद भलतीकडे जाईल, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मी गेली सतरा वर्षे प्रोग्रामिंग शिकवतो आणि ही चूक कुठे जन्माला येते ते मला ठाऊक आहे. ती आमच्या वर्गात जन्माला येते, म्हणून हे पत्र.

आजही अनेक कार्यालयांत १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा पडदा असतो. विद्यार्थी आपल्या मोठ्या पडद्यावर ६६० पिक्सेल उंचीचा फॉर्म बनवतो आणि तो त्याला नीटनेटका दिसतो. तोच फॉर्म १२५ टक्क्यांवर ८२५ पिक्सेलचा होतो आणि ७६८ मध्ये मावत नाही. हे गणित पाचवीतल्या मुलालाही करता येईल, पण ते करण्याची सवय आम्ही लावत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत विंडो बनवण्याचे टीकेइंटर हे साधन शिकवताना पहिल्याच तासाला विंडोचा आकार आणि जागा आकड्यांत लिहून दाखवली जाते. पुढे विद्यार्थी ग्रिडमध्ये, म्हणजे ओळी-स्तंभांच्या जाळीत, बटणे मांडतो, विंडो ओढून मोठी करतो आणि पाहतो तर बटणे जागच्या जागी राहून भोवती नुसती मोकळी जागा पसरलेली असते. याचे कारण साधे आहे : ग्रिडमधील ओळी आणि स्तंभ यांचे ‘वेट’ मुळात शून्य असते, म्हणजे वाढलेल्या जागेतला वाटा कोणालाच मिळत नाही. ते एक केले, तर त्या स्तंभातली चौकट विंडोबरोबर वाढू शकते. फक्त तिने आपल्या घराच्या चारही कडांना चिकटून राहावे, हे ‘स्टिकी’ने सांगावे लागते. हे कोणी समजावले नाही, तर विद्यार्थी सोपी वाट धरतो आणि एका ओळीत आकार बदलण्याची सोयच बंद करून टाकतो. जावा या भाषेत लेआउट, म्हणजे आपोआप मांडणी करणारी सोय, काढून टाकून प्रत्येक घटकाचे माप हाताने देण्याची जी रीत प्रकल्पांतून दिसते, तिचेही मूळ हेच आहे.

मराठीत तर या बांधलेल्या मापांचा त्रास दुप्पट होतो. इंग्रजी लेबलासाठी आखलेल्या चौकटीत ‘खातेदाराचे संपूर्ण नाव’ मावत नाही, हे तर उघडच आहे. पण खरी हानी उंचीत होते. देवनागरीत रफार आणि मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली जातात. चौकटीची उंची इंग्रजी अक्षरांना पुरेल एवढीच ठेवली, तर ‘दुरुस्त’मधील ‘दु’चा उकार कापला जातो आणि ‘कर्जपुरवठा’मधील रफार नाहीसा होतो. मजकुराच्या प्रत्यक्ष उंचीवरून चौकटीचे माप ठरू दिले, तर हे टळते. लेआउट नावाची सोय त्याचसाठी केलेली असते.

मुळात विंडोची जागा आणि आकार ही प्रोग्रामने बजावण्याची आज्ञा नव्हे, ती विनंती असते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत १९८४ साली सुरू झालेल्या, पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीत हा विचार फार स्वच्छपणे मांडला गेला. तेथे विंडो हलवण्याचे आणि मोठी-लहान करण्याचे काम विंडो मॅनेजर नावाचा स्वतंत्र प्रोग्राम पाहतो. आपला प्रोग्राम एखादा आकार मागतो, मॅनेजर तो देईल, बदलेल किंवा नाकारेल, आणि जो आकार प्रत्यक्ष मिळाला असे कळवले जाईल त्याप्रमाणे आपण आतील मांडणी करायची असते. लिनक्सवर एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडने पुढे जाऊन सर्वसाधारण प्रोग्रामला पडद्यावर आपली विंडो नेमकी कुठे असावी हे ठरवण्याची मुभाच दिलेली नाही. काही प्रोग्रामर त्याबद्दल तक्रार करतात. मला मात्र ती मर्यादा योग्य वाटते.

वापरणाऱ्याच्या हाती हे अधिकार एका दिवसात आलेले नाहीत. १९८५ सालच्या विंडोज १.० मध्ये प्रोग्रामच्या विंडो एकमेकींवर ठेवता येत नसत, त्या फरशांसारख्या शेजारी शेजारीच बसत. एकमेकींवर ठेवण्याची सोय १९८७ मध्ये २.० आवृत्तीत आली. मॅकवर विंडो कोणत्याही कडेने ओढता येण्यासाठी २०११ साल उजाडले. तोवर उजवीकडचा खालचा कोपराच पकडावा लागे. इतक्या वर्षांनी मिळालेली ही सोय एका ओळीत काढून घेताना निदान कारण तरी सांगता यावे.

विंडो हलवण्याबाबत दोन चुका मला वारंवार आढळतात. पहिली, देखणेपणासाठी नेहमीची शीर्षकपट्टी काढून स्वतःची रंगीत पट्टी लावण्याची. असे केले की माऊसने ओढण्याचे काम स्वतः लिहावे लागते. त्यात माऊसची जागा संपूर्ण पडद्याच्या हिशेबाने न मोजता सरकणाऱ्या विंडोच्याच हिशेबाने मोजली, की विंडो थरथरत पळते. शिवाय ऑल्ट आणि स्पेस दाबून, एम दाबून बाणांच्या कळांनी विंडो हलवण्याची जी सोय विंडोजमध्ये आहे, तीही बहुधा हातची जाते. ज्यांचा हात कापतो त्यांच्यासाठी ती सोय म्हणजे चैन नव्हे. दुसरी चूक शेवटची जागा लक्षात ठेवण्यातली आहे. दुसरा मॉनिटर डावीकडे जोडलेला असताना तेथील विंडोची आडवी जागा सांगणारे अंक ऋण असतात. तो मॉनिटर काढला, की पुढच्या वेळी विंडो कोणालाही न दिसणाऱ्या जागी उघडते. विंडो लहान करून खाली ठेवलेली असताना विंडोज तिची जागा उणे ३२,००० अशी सांगते, आणि तीच जपून ठेवणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत. जपलेली जागा आज जोडलेल्या पडद्यांपैकी एखाद्यावर येते की नाही, हे उघडताना तपासायला चार ओळी पुरतात.

काही विंडो बांधलेल्या आकाराच्या असाव्यात हे मला मान्य आहे. ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच विचारणाऱ्या चौकटीला कडा ओढण्याची गरज नाही. मोठ्या फॉर्मलाही किमान आकार जरूर द्यावा. पण त्याहून लहान पडदा असेल तर आत सरकपट्टी हवी.

माझी विनंती प्रात्यक्षिक परीक्षा घेणाऱ्या सहकाऱ्यांना आणि सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांना आहे. प्रकल्प तपासताना किंवा बिल मंजूर करण्यापूर्वी विंडो ओढून लहान-मोठी करून पाहावी, अक्षरे १२५ आणि १५० टक्क्यांवर नेऊन पाहावीत, माऊस बाजूला ठेवून एक नोंद पूर्ण करावी आणि लेबले मराठीत वाचावीत. याला दहा मिनिटे लागतात. त्या पतसंस्थेतील बाईंच्या फॉर्मबाबत संबंधित पुरवठादाराला संस्थेने माझ्यासमोर पत्र लिहिले आहे; तोवर त्यांनी अक्षरे पुन्हा लहान केली आहेत आणि त्या भिंग घेऊन काम करतात.

आपला नम्र,
एक संगणक-शिक्षक, सातारा